जेलर, दरोगा, हवालदार: तुरुंग राखणाऱ्याची नावं आली कुठून?

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही दैनिकाचं गुन्हेवृत्ताचं पान उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: 'न्यायालयाने संशयिताची रवानगी न्यायालयीन कोठडीत केली.' अनेकांना वाटतं की कोर्टाच्या आवारातच कुठेतरी ही कोठडी असणार. आणि त्या कोठडीच्या दाराशी जो माणूस उभा असतो, त्याचं नाव तर दर बातमीला बदलतं. कधी तो जेलर, कधी तुरुंगाधिकारी, कधी कारागृह शिपाई, हिंदी मालिकेत दरोगा आणि गावात सरसकट 'पोलीस'.

सध्या ही नावं पुन्हा चर्चेत आहेत, कारण कायदाच बदलतो आहे. आपले तुरुंग १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टवर चालत आले. २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याच्या जागी नवा नमुना कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला. तुरुंग हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, त्यामुळे अंतिम कायदा राज्यांनीच करायचा असतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात तसं विधेयक आलं. त्यात 'कारागृह' या शब्दाला 'सुधारसेवा' हा शब्द जोडलेला आहे. तेव्हा तुरुंग राखणाऱ्या माणसाला आजवर कोणी काय म्हटलं, आणि तसं का म्हटलं, हे नीट समजून घ्यायला ही वेळ बरी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की यातल्या प्रत्येक नावात त्या त्या राज्यकर्त्याने या माणसाकडून काय मागितलं ते जपलेलं आहे. आणि त्यातलं एक नाव आपल्या अगदी तोंडातलं आहे, पण त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत.

आधी कोठडी कुणाची, ते पाहू

अटक झाल्यापासून २४ तासांच्या आत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. हा राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. तिथून पुढे दोन वाटा फुटतात.

तपासासाठी तो पोलिसांनाच हवा असेल तर न्यायालय 'पोलीस कोठडी' देतं. मग तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये राहतो. ही कोठडी एकूण १५ दिवसांच्या वर जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हे १५ दिवस सलग घेतले नाहीत तरी चालतात; गुन्हा किती गंभीर आहे त्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ते तुकड्यातुकड्याने मागता येतात. एरवी मिळते ती 'न्यायालयीन कोठडी'. म्हणजे माणूस जिल्हा कारागृहात जातो. तिथे त्याचा ताबा पोलिसांकडे नसतो, न्यायालयाच्या हुकमाने कारागृह विभागाकडे असतो. त्याची चौकशी करायची झाली तर पोलिसांनासुद्धा न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

हा फरक माहीत नसल्यामुळे नातेवाईक विनाकारण ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात. कारागृह विभाग आणि पोलीस दोन्ही गृह खात्याखालीच येतात, पण यंत्रणा वेगळी, माणसं वेगळी. कारागृहात खालून वर जाताना शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी आणि अधीक्षक अशी पदं लागतात. नुसती ही नावं वाचली तरी महाराष्ट्राचा इतिहास समोर येतो. शिपाई फारसीतून आला. हवालदार आणि सुभेदार अरबी-फारसीच्या जोडातून. अधीक्षक संस्कृत, 'अधि' म्हणजे वर आणि 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. तुरुंगाधिकारी या शब्दात तर अर्धा भाग पोर्तुगीज आहे.

तुरुंग हा शब्द गोव्याच्या बाजूने आला

पोर्तुगीज भाषेत 'त्रोंको' म्हणजे झाडाचं खोड. जाड लाकडाला भोकं पाडून त्यात माणसाचे पाय अडकवायचे, ही शिक्षा युरोपभर होती, आणि त्या लाकडालाही त्रोंकोच म्हणत. पुढे जिथे ते लाकूड असायचं त्या जागेलाच हे नाव पडलं. सोळाव्या शतकात गोवा, चौल, वसई इथे पोर्तुगीज ठाण मांडून बसले आणि त्यांच्या त्रोंकोचा आपल्याकडे 'तुरुंग' झाला. हाच शब्द जहाजातून पार मलाया बेटांपर्यंत पोचला; मलय भाषेत तो 'तेरुंकू' झाला आणि तिथेही त्याचा अर्थ कैदखाना.

मला याहून जास्त रस वाटतो तो आपल्या 'खोडा' या शब्दात. खोड म्हणजे झाडाचा बुंधा आणि खोडा म्हणजे पाय अडकवायचं लाकूड. पोर्तुगीज आणि मराठी या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वस्तूला एकाच रीतीने नाव दिलं. आज कुणी कामात 'खोडा घालतो' तेव्हा आपण नकळत त्याच जुन्या शिक्षेचं नाव घेत असतो. पोर्तुगीजांचा खोडा मात्र वाढत वाढत आख्खी इमारत झाला.

या लाकडाला राखणदार फारसा लागत नाही, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. पाय अडकला की माणूस अडकला. चार भिंतींच्या आत माणसांना मोकळं फिरू द्यायचं म्हटलं, की पहाऱ्याला माणूस लागतो आणि मग त्या माणसाला नाव लागतं.

जेलर म्हणजे पिंजऱ्याचा राखणदार

लॅटिन भाषेत 'काव्हेआ' म्हणजे पिंजरा. त्याचं लाडकं, छोटं रूप 'काव्हेओला'. फ्रान्समध्ये हा शब्द घासून घासून बदलत गेला आणि त्याचे दोन उच्चार झाले, एक उत्तरेकडच्या नॉर्मंडीत आणि एक पॅरिसच्या बाजूला. इंग्लंडने दोन्ही उचलले. म्हणूनच इंग्रजीत जेलचं स्पेलिंग दोन तऱ्हेने होतं, एक 'जी'पासून सुरू होणारं जुनं आणि एक 'जे'पासून सुरू होणारं. इंग्रजीतला 'केज' हा शब्दही त्याच काव्हेआचा नातू. पोर्तुगीजमध्ये 'गायोला' म्हणजे आजही पिंजराच.

पण जुन्या इंग्लंडमधला जेलर सरकारी नोकर असा नव्हताच. त्याला बहुतेक ठिकाणी पगार नसे. तो कैद्यांकडूनच पैसे घेई. बेडी काढायचे पैसे, गादीचे पैसे, सुटकेचे पैसे. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड नावाचा गृहस्थ बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि तुरुंग स्वतः जाऊन पाहू लागला. त्याला दिसलं की न्यायालयाने निर्दोष सोडलेली माणसंही जेलरची फी भरता येत नाही म्हणून आत खितपत पडली आहेत. त्याने ही हकीकत संसदेपुढे मांडली आणि १७७४ मध्ये निर्दोष सुटलेल्यांकडून फी घेणं कायद्याने बंद झालं.

आपल्याकडच्या १८९४ च्या कायद्यात ही भीती स्पष्ट दिसते. जेलरने तुरुंगातच राहावं, परवानगीवाचून दुसरा कामधंदा करू नये, तुरुंगाच्या कुठल्याही कर्मचाऱ्याने कैद्याला काही विकू नये किंवा भाड्याने देऊ नये, तुरुंगाच्या कंत्राटात हितसंबंध ठेवू नये अशी कलमं त्यात आहेत. पिंजरा राखणाऱ्यावरच आधी नजर ठेवावी लागते, हे इंग्रज आपल्या अनुभवातून शिकले होते.

आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेलं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तुरुंगाला 'बंधनागार' आणि त्याच्या प्रमुखाला 'बंधनागाराध्यक्ष' म्हटलं आहे, आणि त्या अध्यक्षाला कशासाठी किती दंड करायचा याची यादीच दिलेली आहे. कारण न सांगता कोंडलं तर २४ पण. छळ केला तर ४८ पण. अन्नपाणी तोडलं तर ९६ पण. लाच घेतली तर मध्यम प्रतीचा दंड, आणि मारता मारता जीव घेतला तर १००० पण. 'पण' हे तेव्हाचं नाणं. आजही कोठडीतल्या मृत्यूच्या बातम्या वाचताना ही यादी मला आठवते, कारण तिच्यात एक सरळ गोष्ट गृहीत धरली आहे: आतल्या माणसाच्या जिवाचा जाब बाहेरच्या माणसाने द्यायचा आहे.

दरोगा: दाबणारा

दरोगा दारावर उभा असतो म्हणून दरोगा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. हा शब्द थेट मंगोलियातून निघाला. मंगोल भाषेत 'दारु' या धातूचा अर्थ दाबणे, शिक्का दाबून उमटवणे. चंगीझखान आणि त्याच्या वारसांनी तेराव्या शतकात जिंकलेल्या शहरांवर जे कारभारी बसवले त्यांना 'दारुघा' किंवा 'दारुघाची' म्हणत. खानाच्या नावाचा शिक्का दाबणारा तो. इराणात त्याचा दारोगा झाला आणि शहराचा बंदोबस्त त्याच्याकडे आला. मुघलांच्या हिंदुस्थानात तोफखान्याला दारोगा, डाकचौकीला दारोगा, ज्या खात्याला प्रमुख हवा तिथे दारोगा.

पुढे १७९३ मध्ये कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याने बंगालमध्ये ठाण्याठाण्यावर पगारी दारोगे नेमले आणि शब्द पोलिसांना चिकटला. तुरुंगाच्या अधिकाऱ्यालाही उत्तरेत तेच नाव पडलं. मराठीत 'दरोगा' आला खरा, पण सातारा-कोल्हापूरकडे तो कचेरीत फारसा रुजला नाही. आज आपल्याला तो भेटतो तो हिंदी पडद्यावरच. त्याचं मूळ आणि त्याची पडद्यावरची कीर्ती एकमेकांशी जुळते हा योगायोग आहे, यापलीकडे त्यातून काही काढू नये.

हवालदार: ज्याच्या हवाली केलं तो

आता त्या विसरलेल्या नावाकडे येऊ.

अरबीत 'हवाला' म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. मराठीत आपण 'त्याच्या हवाली केलं' म्हणतो ते हेच. बातम्यांत पैशांचा हवाला येतो, तोही हाच. इकडे दिलेली रक्कम तिकडे सोपवायची. उत्तरेत पोलीस कोठडीला 'हवालात' म्हणतात. आणि 'दार' म्हणजे घराचं दार नव्हे, फारसीतला 'धारण करणारा' हा प्रत्यय: जमीनदार, फौजदार, किल्लेदार, इनामदार यांतला. सांगली-मिरजेकडे हवालदार, जमादार, फौजदार अशी आडनावं भरपूर आहेत. ती सगळी या एका प्रत्ययाची लेकरं. हवालदार म्हणजे ज्याने एखादी गोष्ट आपल्या ताब्यात, आपल्या जबाबदारीवर घेतली आहे तो.

शिवकाळात हे फार मोठं पद होतं. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी असत, त्यांत गडाचा ताबा हवालदाराचा. संध्याकाळी दरवाजे बंद करून किल्ल्या स्वतःजवळ ठेवायच्या, सकाळी स्वतः उघडायचे, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या नाहीत. घोडदळात २५ बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार असे.

तुरुंग असं वेगळं खातं तेव्हा नव्हतं. कैदी गडावरच ठेवले जात, आणि गड ज्याच्या हवाली, कैदी त्याच्या हवाली. साताऱ्याच्या आसपास याची उदाहरणं पुष्कळ आहेत. १७५० मध्ये ताराबाईंनी छत्रपती रामराजांना कैद केलं ते साताऱ्याच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्यावर. कोयनेच्या रानातला वासोटा तर कैदेसाठीच ओळखला गेला. १८१७ मध्ये मराठ्यांच्या हाती लागलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी तिथे होते, आणि एप्रिल १८१८ मध्ये वासोटा इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हाच ते सुटले. त्या जंगलातून वासोट्यावर चढून गेलेल्या माणसाला तिथे उंच भिंतीची गरज का पडली नसेल ते सांगावं लागत नाही.

हवाली करणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्या खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवस लग्नाला जायचं म्हणून शेजाऱ्याकडे बैल सोपवला, तर दावं घट्ट बांधणं जसं त्याच्याकडे आलं तसंच वैरणपाणीही त्याच्याकडेच आलं. बैल सुटून गेला तरी जाब त्याला, आणि उपाशी राहून मेला तरी जाब त्यालाच. बैल माझा नव्हता असं त्याला म्हणता येत नाही.

आपलं न्यायालय अगदी हेच म्हणतं, फक्त कायद्याच्या भाषेत. इंग्रजीतला 'कस्टडी' हा शब्दही राखणदार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. निलबती बेहेरा विरुद्ध ओडिशा राज्य या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ताब्यातल्या तरुणाच्या मृत्यूबद्दल त्याच्या आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला लावलं. माणूस ताब्यात घेतलात तर त्याचं काय झालं हे तुम्ही दाखवून द्यायचं, अशी त्यामागची भूमिका. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी ही कायद्यातली तरतूदही याच भूमिकेशी जुळते.

म्हणून मला वाटतं की तुरुंग राखणाऱ्यासाठी आपल्याकडे असलेलं सर्वांत नेमकं नाव हवालदार हेच आहे. दुर्दैवाने ते पदांच्या उतरंडीत खाली खाली सरकलं. सुभेदाराचंही तेच झालं. एके काळी आख्खा सुभा, म्हणजे प्रांत, सांभाळणारा माणूस, आज तुरुंगाच्या पहाऱ्यावरचा वरिष्ठ कर्मचारी.

कैद्यालाच पहारेकरी केलं तेव्हा

'वॉर्डर' हा शब्द जुन्या मराठी तुरुंगकथांत खूप येतो. वॉर्ड आणि गार्ड हे मुळात एकच. फ्रान्सच्या उत्तरेला 'व' म्हणत, पॅरिसला 'ग'. अर्थ राखणे. पण इंग्रजी अमदानीत इथले अनेक वॉर्डर हे कैदीच होते. पगारी माणसं महाग पडतात, म्हणून वागणूक पाहून जुन्या कैद्यांना इतरांवर नेमायचं, ही पद्धत. १८९४ च्या कायद्याच्या २३व्या कलमाने अशा कैद्यांना सरकारी नोकराचा दर्जाही दिला होता.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये या कैदी-अधिकाऱ्यांच्या पायऱ्या होत्या: वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार. यातला टिंडाल कोकणच्या माणसाला लगेच ओळखू येईल. गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या तो 'तांडेल'. दक्षिणेकडच्या भाषांतून आलेला हा दर्यावर्दी शब्द इंग्रजांनी आधी जहाजावर, मग तोफखान्यात आणि शेवटी काळ्या पाण्यावर वापरला. कैद्याच्या हाती दुसऱ्या कैद्याची पाठ देण्याची ही व्यवस्था किती क्रूर झाली ते तिथून परतलेल्या राजबंद्यांनी सांगून ठेवलं आहे. त्या माणसाला वर जाब द्यायचा होता तो कामाचा आणि शिस्तीचा. खालच्या माणसाच्या जिवाचा जाब त्याला कुणी विचारत नव्हतं.

गोष्ट छान आहे म्हणून खरी असते का?

शब्दांची मुळं शोधताना एक सावधगिरी ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये कैदी वॉर्डरला 'स्क्रू' म्हणत. याची एक गोष्ट फार सांगितली जाते. तिथल्या तुरुंगांत एक दांडा असलेलं यंत्र असे. कैद्याने तो दिवसभर हजारो वेळा फिरवायचा, त्यातून काहीही तयार होत नसे. वॉर्डर त्याचा स्क्रू आवळून काम आणखी जड करी, म्हणून त्याला स्क्रू. गोष्ट मनाला पटते. पण वॉर्डरसाठी हा शब्द १८१२ मध्येच चोरांच्या भाषेत नोंदलेला आहे आणि ते यंत्र पसरलं त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. चोरांच्या त्या भाषेत स्क्रू म्हणजे आधी किल्ली होती. किल्लीवाला तो स्क्रू, इतकं साधं. इंग्रजीत जेलरला 'टर्नकी', म्हणजे किल्ली फिरवणारा, असंही जुनं नाव आहेच.

मराठीतही अशी फसगत होते. बागवान म्हणजे बाग राखणारा, दरवान म्हणजे दार राखणारा. मग बंदीवान म्हणजे बंदी राखणारा असायला हवा. पण मराठीत बंदीवान हा स्वतःच कैदी. आपल्याकडे 'वान'ची दोन कुळं आहेत. फारसी 'बान' म्हणजे राखणारा आणि संस्कृत 'वान' म्हणजे असलेला, जसा धनवान. नुसतं कानाला सारखं लागतं म्हणून अर्थ लावला की चूक होते.

नाव बदलून काय होणार?

हा आक्षेप मी सांगली-मिरजेच्या वकिलांकडूनही ऐकला आहे, आणि तो रास्त आहे. पाटीवर 'सुधार' लिहिल्याने कोठडीतली गर्दी कमी होत नाही. शिवाय ही कल्पना नवीही नाही. जुन्या मराठी कागदांत आणि बखरींत तुरुंगाला 'अदबखाना' म्हटलेलं सापडतं. अदब म्हणजे रीत, शिस्त. चांगलं नाव होतं म्हणून आतल्या माणसाचं भलं झालं असं काही नाही.

पण शब्द नियमपुस्तकात गेले की ते हुकूम होतात, हेही तितकंच खरं आहे. सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून काम वाटायच्या तरतुदी तशाच राहिल्या होत्या. अमुक जातीने झाडायचं, तमुक जातीने स्वयंपाक करायचा. इंग्रजांनी काही जमातींवर मारलेल्या 'गुन्हेगार जमाती' या जुन्या शिक्क्याच्या छापाचे उल्लेखही होते. हे सगळं न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. एका रकान्यामुळे कुणाच्या हाती झाडू येतो आणि कुणाच्या हाती पळी हे ठरत होतं. पारधी, कैकाडी समाजातल्या माणसाला हा निकाल किती जवळचा आहे, ते आपल्या जिल्ह्यांत वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा येतो की गुन्हेगारांचे इतके लाड कशाला? त्यावर एक आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी होते. कारागृह विभागाच्या भाषेत 'न्यायाधीन बंदी'. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचा आहे. आणि ज्यांचा झाला आहे, त्यांना न्यायालयाने कोंडून ठेवण्याची शिक्षा दिलेली असते; मार, उपास किंवा आजारपण त्या शिक्षेत लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी पहाऱ्यावरच्या बंदुका घेऊन, तटावरून उड्या टाकून बाहेर पडले. त्या दिवशी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. संस्थानच्या दप्तरात ते पळालेले कैदी होते. १९७७ मध्ये तेच दादा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि राज्यातल्या सगळ्या तुरुंगांच्या किल्ल्या त्यांच्या सरकारच्या हवाली झाल्या. आतला माणूस कोण आहे हे दरवेळी दप्तराला कळतंच असं नाही.

राखणदार काढून घेतला तर?

हा प्रयोगही आपल्याच भागात झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेलं आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. ७२ गावांचं छोटं संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना स्वीकारली. त्याच सुमाराला मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या पुढाकाराने आटपाडीजवळ माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिचं नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, गज नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचं. पुढे याच कल्पनेवर चित्रपटही निघाला आणि ती देशभर पोचली.

स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्र कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे. तिथे प्रत्येकाला पाठवत नाहीत. शिक्षा झालेल्यांतून वर्तन पाहून निवड होते. पण खून करून आलेला माणूस माळावर ज्वारी पेरतो, संध्याकाळी घरी जेवतो आणि पळून जात नाही, हे तिथे दुष्काळी तालुक्यातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. पॅरोलला सरकारी मराठीत 'अभिवचन रजा' म्हणतात. फ्रेंच मूळ शब्दाचा अर्थही दिलेलं वचनच. स्वतंत्रपुरात राखणदाराचं पुष्कळसं काम त्या वचनावर सोपवलेलं आहे.

आता हे सगळं कुणाच्या उपयोगी

घरातलं कुणी आत असेल, तर एवढं पक्कं लक्षात ठेवावं. बातमीत 'पोलीस कोठडी' असेल तर विचारपूस पोलीस ठाण्यात. 'न्यायालयीन कोठडी' असेल तर ती कारागृहाच्या दाराशी, आणि अर्ज अधीक्षकांच्या नावाने. आजारपण, औषध, भेट यांपैकी कशाचीही तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. शिक्षा लागून माणूस कोल्हापूरला कळंब्याला किंवा पुण्याला येरवड्याला हलवला गेला तर ताबाही तिकडच्या अधीक्षकांकडे जातो, मग सांगली-साताऱ्यात चौकशी करून उपयोग नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून जामिनाचा अर्जच झालेला नाही, अशी माणसं कच्च्या कैद्यांत खूप असतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२व्या कलमाप्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. अर्ज आतला माणूस कारागृहातूनही देऊ शकतो, किंवा बाहेरून त्याच्या घरच्यांनी साध्या कागदावर दिला तरी चालतो.